आफ्रिकेतला बेरोजगारीचा नकाशा उलटा का दिसतो?

ऑगस्ट २०२३ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशातल्या बेरोजगारीचा नवा आकडा जाहीर केला : २०२३ च्या पहिल्या तिमाहीत ४.१ टक्के. त्याच कार्यालयाचा त्याआधीचा प्रसिद्ध आकडा २०२० च्या शेवटच्या तिमाहीचा होता, आणि तो होता ३३.३ टक्के. म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या दर तीन माणसांमागे एक बेकार होता, तो आता दर पंचवीस माणसांमागे एक झाला. गंमत अशी की ती तिमाही नायजेरियन माणसाला आठवते ती वेगळ्याच कारणाने. जुन्या नोटा बदलण्याचा सरकारी घोळ चालू होता आणि बँकांसमोर रोकडीसाठी रांगा लागल्या होत्या. अशा काळात बेरोजगारी एवढी खाली आली म्हटल्यावर लोकांनी थट्टा केली आणि कामगार संघटना चिडल्या.

आकडा मात्र खोटा नव्हता. बदलली होती ती मोजायची रीत.

जुन्या रीतीत आठवड्याला २० तासांपेक्षा कमी काम करणारा माणूस बेरोजगारांत धरला जायचा. दिवसाला दोन-अडीच तास भाजी विकणारी बाई, हंगाम नसताना अधूनमधून मजुरीला जाणारा शेतकरी, हे सगळे बेरोजगार. नव्या रीतीत आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा निकष आला : गेल्या सात दिवसांत मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी एक तास जरी काम केलं असेल, तर माणूस रोजगारात. वीस तासांची अट एका तासावर आली आणि कोट्यवधी लोक एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेले. त्यांच्या आयुष्यात काडीचाही फरक पडला नाही.

त्याच अहवालात पुढे जे लिहिलं होतं, ते मथळ्यापेक्षा महत्त्वाचं होतं आणि अर्थातच फारसं कोणी वाचलं नाही. काम करणाऱ्यांपैकी पगारी नोकरीत होते जेमतेम १२ टक्के. तीन चतुर्थांश लोक स्वतःचा धंदा किंवा शेती करत होते. ९२ टक्क्यांहून अधिक रोजगार अनौपचारिक होता. म्हणजे कसला करार नाही, रजा नाही, आजारपणाची सोय नाही.

आफ्रिकेतल्या देशांची बेरोजगारीवरून तुलना करायला बसलं, की हा घोळ जवळजवळ प्रत्येक देशापाशी भेटतो. पन्नासहून अधिक देश, आणि त्यांच्या दरांची यादी चढत्या क्रमाने लावली तर ती पाहून डोकं चक्रावतं. सगळ्यांत कमी बेरोजगारी कुठे? नायजर, बुरुंडी, चाड. इथले दर १ टक्क्याच्या आसपास दाखवले जातात. हे जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी आहेत. सगळ्यांत जास्त कुठे? दक्षिण आफ्रिका, एस्वातिनी, बोट्सवाना, नामिबिया. यातले बरेचसे खंडातले सधन देश. नायजरच्या मानाने दक्षिण आफ्रिकेचं दरडोई उत्पन्न साधारण दहापट आहे आणि बेरोजगारीचा दर तीसपटीहून जास्त. (नायजर आणि नायजेरिया हे दोन वेगळे, शेजारशेजारचे देश आहेत, आकडे उद्धृत करताना यांची अदलाबदल किती वेळा होते ते विचारू नका.)

हा नकाशा उलटा दिसतो, कारण आपण बेरोजगारीचा दर म्हणजे गरिबीचा दर असं मनात धरून चालतो. दर वेगळंच काहीतरी मोजतो.

दारात आलेला माणूस काय विचारतो

बेरोजगारीचा आकडा कुठल्या कचेरीतल्या नोंदवहीतून येत नाही. तो घरोघरच्या पाहणीतून येतो. दक्षिण आफ्रिकेत दर तिमाहीला सुमारे तीस हजार घरांची पाहणी होते, आणि दर वेळी त्यातली एक चतुर्थांश घरं बदलली जातात. पाहणी करणारा माणूस 'तुम्ही बेरोजगार आहात का?' असं विचारतच नाही. तो एकामागोमाग एक साधे प्रश्न विचारतो. गेल्या आठवड्यात पैशासाठी किंवा नफ्यासाठी काही काम केलं का, एक तास तरी? नसेल, तर गेल्या चार आठवड्यांत काम शोधलं का? कोणाला विचारलं, कुठे अर्ज टाकला? आणि उद्या काम मिळालं तर जाल का?

पहिल्याचं उत्तर 'नाही', पुढच्या दोन्हींचं 'हो', तरच माणूस बेरोजगार. काम केलं असेल तर तो रोजगारात. काम नाही आणि शोधलंही नाही, तर तो या हिशेबातच नाही. शिकणारे, घर सांभाळणाऱ्या स्त्रिया, आजारी माणसं आणि शोधून शोधून थकलेले, सगळे त्या तिसऱ्या रकान्यात. मग बेरोजगारांना बेरोजगार आणि रोजगारातले यांच्या बेरजेने भागायचं. तिसरा रकाना भागाकारात येतच नाही.

एका तासाची अट ऐकून लोक हसतात. तिच्यामागे कारण आहे. देशाचं एकूण उत्पादन मोजताना प्रत्येक तासाचं काम धरलं जातं, तेव्हा त्या उत्पादनामागचे हात मोजतानाही एकही तास सुटू नये, असा तो विचार आहे. शिवाय हा निकष लावून उरतात ते पूर्णपणे कामाविना असलेले. आठवड्याला बारा तासांवर अडकलेल्या माणसाला आणखी काम हवं असेल, तर त्यासाठी अर्धबेरोजगारीचा स्वतंत्र आकडा काढतात. पद्धत म्हणून यात चूक काही नाही. चूक होते ती हा एकच आकडा उचलून त्यावर देशाची कुंडली मांडण्यात.

आता नायजरमधल्या मराडीच्या बाजूचा एक शेतकरी समजा. बाजरी पिकवतो. पाऊस जून ते सप्टेंबर, वर्षाचं एकच पीक. बाकीच्या महिन्यांत तो लाकूडफाटा विकतो, कोणाच्या भिंती लिंपतो, कधी सीमा ओलांडून नायजेरियात मजुरीला जातो. त्याला पाहणीत विचारलं तर गेल्या आठवड्यात त्याने दोन दिवस लाकूड विकलेलं असतं. तो रोजगारात. त्याला दुसरा पर्यायच नाही. घरी बसून नोकरी शोधायची म्हटली तर खायचं काय, आणि शोधायची कुठे? पगारी नोकऱ्या देणारा कारखाना जवळपास नाही. त्या देशात बेरोजगार राहणं ही चैन आहे, आणि ती परवडणारे लोक थोडे आहेत.

दुसरीकडे दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केप प्रांतातली चोवीस वर्षांची एखादी मुलगी घ्या. बारावी झालेली. शेती करायला घराकडे जमीन नाही. आजीला दरमहा सुमारे २,३०० रँड (२०२५ चा आकडा) सरकारी वृद्धत्व निवृत्तिवेतन मिळतं, त्यावर पाच-सहा जणांचं घर चालतं. मुलगी अर्ज टाकते, ओळखीच्यांना विचारते. ती बेरोजगार. तिची अवस्था वाईट आहे यात शंका नाही, पण त्या नायजरच्या शेतकऱ्यापेक्षा ती जास्त गरीब आहे असं कोणी म्हणणार नाही. तिच्या घरात दरमहा ठरलेली रक्कम येते, म्हणून ती शोधत थांबू शकते. तिच्या आसपासची अर्थव्यवस्था पगारी नोकऱ्यांची आहे, म्हणून शोधण्याला काही अर्थ आहे.

एकच निकष, दोन उलट्या दिशा

नायजेरियाने आंतरराष्ट्रीय निकष घेतला आणि दर कोसळला. रवांडाने घेतला, आणि तो चढला.

२०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सांख्यिकी परिषदेने एक बदल केला. फक्त स्वतःच्या घरी खायला पिकवणं हे काम आहे, पण ते 'रोजगार' नाही, असं ठरलं. रोजगार म्हणजे पैशासाठी किंवा विक्रीसाठी केलेलं काम. त्याआधी पोटापुरती शेती करणारा सरसकट रोजगारात धरला जायचा. रवांडात डोंगरउतारांवर इवल्याइवल्या तुकड्यांत घरापुरतं पिकवणारी प्रचंड लोकसंख्या आहे. जुन्या पाहण्यांत रवांडाची बेरोजगारी दोन-तीन टक्क्यांत असायची. २०१६ पासून नव्या निकषाने नियमित श्रमशक्ती पाहणी सुरू झाली आणि दर साधारण १५ ते २० टक्क्यांच्या घरात फिरू लागला. कोविडच्या काळात त्याच्याही वर गेला.

झालं असं : घरापुरतं पिकवणारे लोक रोजगारातून बाहेर पडले. त्यांतल्या ज्यांनी काम शोधलं होतं ते बेरोजगार ठरले, आणि ज्यांनी शोधलं नव्हतं ते हिशेबातूनच गेले. भागाकारातला वरचा आकडा फुगला, खालचा आटला. दर दोन्ही बाजूंनी वाढला.

नायजेरियाचा जुना निकष जगाहून कडक होता, म्हणून तिथे आंतरराष्ट्रीय मापाने दर खाली आला. रवांडाचा जुना निकष ढिला होता, म्हणून तो वर गेला. दोन्ही देशांचे जुने आकडे शेजारी ठेवून 'रवांडात काय किमया केली बघा' असे लेख लिहिले गेले असतील, तर ते कशाची तुलना करत होते कोण जाणे.

सेनेगलमध्ये तर हा प्रकार एकाच वेळी चालतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजात सेनेगलची बेरोजगारी ३ टक्क्यांच्या आसपास दिसते, आणि देशाची स्वतःची सांख्यिकी संस्था विस्तारित व्याख्येने, म्हणजे शोध सोडलेले पण काम हवं असलेलेही धरून, २० टक्क्यांच्या आसपास सांगते. दोन्ही आकडे अधिकृत. झिम्बाब्वेबद्दल '८०-९० टक्के बेरोजगारी' असं वर्षानुवर्षं छापून येत आलं आहे. त्यामागे औपचारिक पगारी नोकरी नसलेल्या प्रत्येकाला बेरोजगार धरण्याची कल्पना आहे. ते माप लावलं तर बहुतेक आफ्रिकी देश ८०-९० टक्क्यांवर जातील, कारण खंडातला सुमारे ८५ टक्के रोजगार अनौपचारिक आहे.

दक्षिण टोकाचं काय?

दक्षिण आफ्रिका या चर्चेत नेहमी पहिली येते, आणि तिच्याकडे नीट पाहायला हवं. कारण एक तर तिथली पाहणी खंडातल्या सर्वांत चांगल्या पाहण्यांपैकी आहे, आणि दुसरं म्हणजे इथे 'व्याख्येची गंमत' असं म्हणून सुटका होत नाही. २०२५ च्या दुसऱ्या तिमाहीत देशात १ कोटी ६८ लाख लोक कामावर होते आणि ८४ लाख बेरोजगार. दर ३३.२ टक्के. शोधणं सोडून दिलेले आणि तरीही काम हवं असलेले धरले तर ४२.९ टक्के. १५ ते २४ वयाच्या मुलांमध्ये दर ६० टक्क्यांच्या आसपास फिरतो.

याच सुमाराला, जून २०२५ मध्ये, कॅपिटेक या मोठ्या बँकेचे तेव्हाचे प्रमुख गेरी फोरी म्हणाले की खरा दर १० टक्क्यांच्या आसपास असेल; वस्त्यांमध्ये स्वतःचे छोटे धंदे करणारे लोक सरकारी आकड्यात धरलेच जात नाहीत. देशभर वाद पेटला. सांख्यिकी संस्थेचं उत्तर साधं होतं : ते धरले जातात. एक तासाचा निकष त्यांनाही लागू आहे. फुटपाथवर केस कापणारा, घरातून कोंबड्या विकणारी, सगळे 'कामावर' या रकान्यात आधीच आहेत.

हा वाद मला फार उपयोगी वाटतो, कारण त्यातून खरा प्रश्न समोर येतो. दक्षिण आफ्रिकेत अनौपचारिक धंदे मोजले जात नाहीत असं नाही. ते कमी आहेत. शेती वगळता अनौपचारिक क्षेत्र एकूण रोजगाराच्या साधारण पाचवा हिस्सा आहे. नायजेरियात पगारी नोकरी मिळाली नाही तर माणूस हातगाडी लावतो. दक्षिण आफ्रिकेत तो मधला थरच पातळ आहे. का?

याचं उत्तर बरंचसं इतिहासात आहे. १९१३ च्या जमीन कायद्याने काळ्या लोकांसाठी देशाची सुमारे ७ टक्के जमीन राखून ठेवली, आणि १९३६ मध्ये ती सुमारे १३ टक्क्यांपर्यंत वाढवली. बाकीच्या जमिनीवर त्यांना मालकी नाही. स्वतंत्र शेतकऱ्यांचा एक वर्गच बऱ्याच अंशी संपवला गेला, आणि त्यामागे खाणींना मजूर मिळावेत हाही हेतू होता. नायजर, रवांडा, इथिओपियात नोकरी नसलेल्याला मागे पडायला निदान शेताचा तुकडा असतो. इथे तो काढून घेतला गेला. मग वर्णभेदाच्या काळात आधीपासूनचे पासचे कायदे आणखी कडक झाले. शहरात कोणी राहायचं, किती दिवस राहायचं हे सरकार ठरवू लागलं. १९८६ पर्यंत ते चालू होते. वस्त्या शहरापासून लांब वसवल्या गेल्या आणि तिथल्या काळ्या दुकानदारांनी काय विकायचं यावरही बंधनं होती. बाजाराची सवय, भांडवल, व्यापारी नाती पिढ्यान् पिढ्या साठत जातात. इथे ती साठूच दिली गेली नाहीत. आजही नोकरी शोधायला वस्तीतून शहरात जायचं तर टॅक्सीचं भाडं हा मोठा खर्च आहे.

वर्णभेद गेला त्याच सुमाराला खाणीही आटत गेल्या. १९८० च्या दशकात एकट्या सोन्याच्या खाणींत पाच लाखांहून अधिक माणसं होती. आज ती लाखाच्या आत आहेत. वित्त, विमा, दूरसंचार ही क्षेत्रं वाढली, पण तिथे शिकलेली माणसं लागतात आणि काळ्या मुलांचं शिक्षण ठरवून निकृष्ट ठेवलेलं होतं. अलीकडच्या वर्षांत वीजकपातीने छोट्या कारखान्यांचं कंबरडं मोडलं. कामगार कायदे आणि संघटनांनी ठरवलेलं वेतन यामुळे किती नोकऱ्या अडतात यावर तिथले अर्थतज्ज्ञ हमरीतुमरीवर येतात. माझ्या मते ते कारण असलंच तर जमीन आणि वस्त्यांच्या कारणांपुढे लहान आहे.

याला एक पुरावा भूगोलातच मिळतो. दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना, नामिबिया, लेसोथो आणि एस्वातिनी हे पाच देश दक्षिण आफ्रिकी सीमाशुल्क संघाचे सभासद. हा संघ १९१० पासून चालू आहे. देशांच्या स्वतःच्या आकड्यांनुसार पाचही ठिकाणी बेरोजगारी दोन आकडी, २० टक्क्यांच्या वर. कायदे पाचही देशांचे वेगळे आहेत. समान आहे ती रचना : दक्षिण आफ्रिकेच्या खाणी आणि कारखाने मध्यभागी, भोवतालचा प्रदेश मजूर पुरवणारा आणि तिथलाच तयार माल विकत घेणारा. लेसोथोतून एके काळी लाखाहून अधिक पुरुष त्या खाणींत जात. खाणींनी भरती कमी केली तसे ते परतले, आणि डोंगराळ, धुपलेल्या जमिनीत त्यांना सामावून घेणारं काही नव्हतं. बोट्सवानाचं दुखणं वेगळं. हिऱ्यांनी देश श्रीमंत झाला, पण हिऱ्यांच्या खाणीत यंत्रं जास्त आणि माणसं थोडी लागतात. निर्यातीचा बहुतांश पैसा ज्या धंद्यातून येतो, त्यात देशातले मूठभर लोक काम करतात.

नोकऱ्या गेल्या, दरही गेला

तिसरा रकाना किती खोडकर आहे हे २०२० मध्ये दिसलं. २०२० च्या पहिल्या तिमाहीत दक्षिण आफ्रिकेचा दर ३०.१ टक्के होता. मार्चच्या शेवटी कडक टाळेबंदी लागली. एप्रिल ते जून या तिमाहीत २२ लाख लोकांचा रोजगार गेला. ही पाहणी सुरू झाल्यापासूनची सर्वांत मोठी घट. आणि बेरोजगारीचा दर? २३.३ टक्के. जवळपास सात टक्के-अंकांनी कमी!

घराबाहेर पडायलाच बंदी असताना काम शोधणार कसं? पाहणीत, तीही तेव्हा फोनवर घ्यावी लागली होती, लोकांनी सांगितलं : काम नाही, शोधलंही नाही. शोधलं नाही म्हणजे बेरोजगार नाही. ७१ लाख बेरोजगारांचे ४३ लाख झाले आणि हिशेबाबाहेरच्या लोकांची संख्या ५० लाखांहून अधिक वाढली. विस्तारित व्याख्येचा दर मात्र त्याच वेळी ३९.७ वरून ४२ टक्क्यांवर गेला. एकाच देशाने, एकाच तिमाहीत, एकाच पाहणीतून काढलेले दोन दर उलट दिशांना धावले. सांख्यिकी संस्थेने दोन्ही छापले, हे तिचं मोठेपण. सगळ्या देशांत असा दुसरा आकडा मिळत नाही.

कोविड हा अपवाद होता, पण इजिप्तमध्ये हाच परिणाम संथपणे, वर्षानुवर्षं चालू आहे. तिथला दर २०१३ मध्ये १३ टक्क्यांच्या वर होता आणि गेल्या काही वर्षांत तो ७ टक्क्यांच्या आत आला आहे. सरकार साहजिकच तो मिरवतं. पण त्याच काळात काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या स्त्रियांचं प्रमाणही घसरलं. आज ते साधारण सहा स्त्रियांमागे एक इतकंच आहे. सरकारी नोकऱ्यांची भरती आटली. खाजगी नोकऱ्यांतले तास, प्रवास, वागणूक अनेकींना परवडत नाही, मग त्या शोध थांबवतात. शोध थांबवला की त्या दरातून नाहीशा होतात. इजिप्तच्या दरातली थोडी घट नोकऱ्यांनी आणली आणि थोडी निराशेने, असं म्हणावं लागतं.

उत्तरेचं दुखणं : पदवीधर

उत्तर आफ्रिकेचा बेरोजगार बहुधा शिकलेला असतो. याचं मूळ १९६० च्या दशकात आहे. गमाल अब्देल नासर यांच्या इजिप्तने प्रत्येक पदवीधराला सरकारी नोकरीची हमी दिली होती. शेजारच्या देशांतही सरकार हाच सर्वांत मोठा मालक. पुढे हमी नावापुरती उरली आणि मग गेली, पण घराघरांत अपेक्षा राहिली. मुलाने पदवी घेतली म्हणजे त्याने सरकारी किंवा निदान तशा मानाच्या नोकरीची वाट पाहायची. तोवर बाप पोसतो. ट्युनिशियात एकूण दर १५-१६ टक्के असतो तेव्हा पदवीधरांमधला दर २३-२५ टक्क्यांच्या आसपास असतो. न शिकलेल्यांमध्ये तो कमी. त्यांना वाट पाहणं जमत नाही, नायजरच्या शेतकऱ्याला जमत नाही तसंच.

ट्युनिशियाचा उल्लेख आला की मोहम्मद बुआझिझीचं नाव येतंच. डिसेंबर २०१० मध्ये सिदी बुझिद गावात त्याने स्वतःला पेटवून घेतलं आणि त्यातून अरब जगातली उठावांची लाट सुरू झाली. जगभरच्या बातम्यांत तो 'बेरोजगार पदवीधर' म्हणून आला. तो पदवीधर नव्हता. आणि श्रमशक्ती पाहणीच्या भाषेत तो बेरोजगारही नव्हता. तो रोज हातगाडीवर फळं-भाजी विकायचा, पालिकेच्या अधिकाऱ्यांनी त्याचा तराजू जप्त केला होता. पाहणी करणारा त्या आठवड्यात त्याच्या दारात गेला असता, तर त्याने त्याला निःशंकपणे 'रोजगारात' या रकान्यात टाकलं असतं, आणि नियमाप्रमाणे ते बरोबर ठरलं असतं. ज्या रागामुळे देशाच्या राज्यकर्त्याला पळून जावं लागलं, तो राग बेरोजगारीच्या दरात फक्त अर्धाच मोजला गेला होता.

मोरोक्कोत आणखी एक धागा दिसतो, तो पावसाचा. सलग दुष्काळी वर्षांनी खेड्यांतलं काम आटवलं आणि देशाचा दर २०२३ मध्ये १३, तर २०२४ मध्ये १३.३ टक्क्यांवर गेला. तरीही २०२४ मध्ये शहरांत दर १६.९ आणि खेड्यांत ६.८ टक्के होता. दुष्काळ खेड्यात, बेरोजगारी शहरात. खेड्यात राहिलेला माणूस घरच्या शेतात काहीतरी करत राहतो. पुरतंच नाही म्हटल्यावर तो कासाब्लांकाला येतो आणि तिथे मोजला जातो. इथिओपियातही शहरी दर ग्रामीण दराच्या कितीतरी वर असतो. त्यामुळे जो देश जितका जास्त शहरी, त्याचा राष्ट्रीय दर तितका वर खेचला जातो, लोकांचं बरं चाललेलं असो वा नसो.

मग तुलना करायचीच नाही का?

करायची. फक्त एका आकड्यावर नाही. मी तरी सुरुवात रोजगार आणि लोकसंख्येच्या प्रमाणापासून करतो, म्हणजे काम करण्याच्या वयातल्या दर शंभर माणसांपैकी किती जण कामावर आहेत. या मापात तिसऱ्या रकान्याची लबाडी चालत नाही, कारण भागाकार सगळ्यांनी होतो. दक्षिण आफ्रिकेत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आहे. नायजेरियात नव्या पाहणीप्रमाणे ते तीन चतुर्थांश. इजिप्त बेरोजगारीच्या दरात दक्षिण आफ्रिकेहून पाचपट चांगला दिसतो, पण या मापावर दोघे जवळजवळ शेजारी येऊन बसतात. एवढ्या एका आकड्याने यादीची उलथापालथ होते.

पण नायजेरियाच्या त्या तीन चतुर्थांशांत दोन तास शेंगदाणे विकणारी बाईही आहे. म्हणून पुढचा प्रश्न कामाच्या प्रतीचा : पगारी किती, स्वयंरोजगारात किती, घरच्या धंद्यात बिनपगारी किती, आणि काम करूनही दारिद्र्यरेषेखाली किती. गरीब देशांची खरी कहाणी याच आकड्यांत असते. श्रम संघटना चार पातळ्यांवर 'वाया जाणाऱ्या श्रमांचा' हिशेब ठेवते : निव्वळ बेरोजगार; बेरोजगार आणि कमी तास मिळणारे; बेरोजगार आणि शोध सोडलेले; शेवटी हे सगळे मिळून. दोन देशांची तुलना त्या शेवटच्या पातळीवर केली तर फरक बराच आवळत जातो, आणि नायजरसारख्या देशांचा एक टक्का तिथे टिकत नाही.

आणि एक अगदी व्यावहारिक गोष्ट. जागतिक बँकेच्या तक्त्यात आफ्रिकेतल्या जवळपास प्रत्येक देशापुढे दर वर्षाचा आकडा दिसतो. इरिट्रियापुढेही दिसतो, चाडपुढेही. दर वर्षी तिथे पाहणी झालेली असते असं अजिबात नाही. जिथे पाहणी नाही तिथे श्रम संघटनेचं गणिती प्रारूप, त्या देशाचं उत्पन्न, लोकसंख्या आणि इतर देशांचा अनुभव पाहून अंदाज बांधतं. तक्त्याच्या शीर्षकात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्याच तक्त्याला एक भाऊ आहे, ज्यात फक्त देशांनी स्वतः दिलेले, पाहणीतून आलेले आकडे असतात. त्यात कितीतरी रकाने वर्षानुवर्षं कोरे आहेत. कुठलाही 'सर्वांत कमी बेरोजगारीचे दहा देश' छापाचा तक्ता हाती आला, तर त्यातले किती देश या दुसऱ्या तक्त्यात उरतात एवढं तपासावं. आफ्रिकेपुरतं बोलायचं तर सर्वांत कमी दर दाखवणारे अनेक देश तिथे गळतात, आणि दक्षिण आफ्रिका मात्र दर तिमाहीच्या पाहणीतून आलेल्या आकड्यासह जागेवर असते. सर्वांत वाईट दिसणाऱ्या देशांपैकी एकाकडे खंडातल्या सर्वांत नियमित मोजण्यांपैकी एक आहे, हे यादी छापणारे सहसा सांगत नाहीत.